मामा, आवाज कुठून यायला हवा?

ती. मामास,


कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला छोटा कॉम्प्युटर तू स्वस्तात उचललास, मॉनिटर-कीबोर्ड काढून तो राउटरशेजारच्या फळीवर ठेवलास आणि मला फोनवर एवढंच विचारलंस, "यात गाण्यांसाठी काय टाकू?" मी नुसतं एक नाव सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ते टाकून तू मोकळा झाला असतास आणि पुढे महिनाभर माझ्याशी भांडला असतास. म्हणून हे पत्र. ते छापायलाही देतेय, कारण कॅसेटी आणि सीड्या हार्ड डिस्कवर उतरवत बसलेला मामा महाराष्ट्रात काही तू एकटाच नाहीस.

कुठलीतरी स्ट्रीमिंग सेवा घे आणि सोड हा नाद, असं मी म्हणणार नाही. तुझ्याकडे जे आहे ते तिथे नाहीच. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या सभांमध्ये तू रेकॉर्डरवर धरून ठेवलेलं गाणं, कुणाच्या दिवाणखान्यातली मैफल, मध्येच कुणाचं तरी खोकणं, तबला लावतानाचा हातोडीचा आवाज. हे कुठल्या कंपनीच्या कॅटलॉगात येणार? आणि आपली गाणी परक्याच्या सर्व्हरवर चढवून ठेवण्याचं म्हणशील, तर गूगल प्ले म्युझिकनं ती सोय २०११ पासून दिली होती. २०२० मध्ये ती सेवाच बंद झाली. तेव्हा फळीवरचा तुझा खोका बरोबरच आहे.

आता नाव सांगण्याआधी माझा एक प्रश्न. आवाज कुठून यायला हवा?

हसू नकोस. 'म्युझिक सर्व्हर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं करणारी सॉफ्टवेअर विकली-वाटली जातात, आणि लोक ती सर्रास एकमेकांच्या जागी बसवतात. पहिल्या जातीचं उदाहरण म्हणजे एमपीडी, म्युझिक प्लेअर डेमन. २००३ पासून आहे आणि अजून जोमात आहे. त्याला स्वतःची खिडकी नाही, चित्र नाही, काही नाही. ते सर्व्हरवर मागे बसून राहतं आणि त्याच सर्व्हरच्या साउंड कार्डातून वाजवतं. तुझ्या हातातला फोन फक्त रिमोट. दुसऱ्या जातीतलं नॅव्हिड्रोम. ते स्वतः तोंडातून अवाक्षर काढत नाही. मागेल त्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर गाणं पाठवतं आणि आवाज तिकडे येतो. एमपीडी पंगतीत वाढतं, नॅव्हिड्रोम डबे पोचवतं. नॅव्हिड्रोम टाकून सर्व्हरला अँप्लिफायर जोडायचा आणि मग "काहीच ऐकू येत नाही" म्हणून तारा तपासत बसायचं, हे पुष्कळांच्या घरी घडतं. (आइसकास्ट नावाचं आणखी एक तुझ्या कानावर येईल. ते रेडिओ स्टेशन आहे. जे चालू असेल ते सगळ्यांनी ऐकायचं. आपल्या घरात एका वेळी एकच गाणं चालेल असं तुला वाटत असेल तर मामीला विचारून बघ.)

आणि तुझ्या घरात आवाज तीन ठिकाणी यायला हवाय. दिवाणखान्यात तुझा अँप्लिफायर आणि ते अवजड स्पीकर. स्वयंपाकघरात मामीचा फोन आणि ब्लूटूथचा छोटा स्पीकर, नाट्यगीतं आणि अभंग. आणि डब्लिनला ताई, बसमध्ये, कानात बोंडं घालून. म्हणून माझं उत्तर एक नाही, दोन आहे. दोन्ही टाक. एकाच मशीनवर, गाण्यांच्या एकाच फोल्डरवर दोन्ही गुण्यागोविंदानं चालतात, कारण दोघांनाही फायली फक्त वाचायच्या असतात. नॅव्हिड्रोममध्ये सर्व्हरवरूनच वाजवायची एक 'ज्यूकबॉक्स' सोय आहे, त्याच जातीच्या गॉनिक नावाच्या सॉफ्टवेअरमध्येही आहे, पण ती जोडकामं आहेत. रोज दोन-दोन तास तू ज्यावर ऐकणार, तिथे जोडकाम नको.

दिवाणखान्यासाठी एमपीडीच का, त्याचं माझं खरं कारण विलंबित ख्याल आहे. सीडीवर एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो: आधी विलंबित, मग द्रुत, मध्ये थांबणं नाही, तंबोरे चालूच. खूपशी प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर श्वास घेतात, ब्राउझरमधली तर फारच. चित्रपटगीतात तो क्षण कळतही नाही. इथे तंबोरा तुटतो आणि तुझ्यासारख्या माणसाचं तोंड कडू होतं. एमपीडी ट्रॅकला ट्रॅक सांधून वाजवतं. दुसरं म्हणजे फोन वाजला, बॅटरी संपली, तू फोन घेऊन बागेत गेलास, तरी गाणं थांबत नाही, कारण ते फोनमधून येतच नाहीये. एमपीडी हुकूम ऐकतं ते ६६०० या पोर्टवर, आणि अँड्रॉइडवर त्याला हुकूम सोडायला एम.ए.एल.पी. नावाचं साधं, फुकट अ‍ॅप आहे. दिसायला रुक्ष आहे. तुला रुक्ष चालतं.

एक खाच मात्र आहे आणि ती मॉनिटर नसलेल्या मशीनवरच लागते. लिनक्समधली पल्सऑडिओ, पाइपवायर ही आवाजाची व्यवस्था माणूस लॉगिन करून समोर बसलाय असं गृहीत धरते. तुझ्या मशीनसमोर कुणी बसणारच नाही, आणि एमपीडी वेगळ्याच युजरच्या नावानं चालतं. मग दोघांची गाठ पडत नाही आणि शांतता पसरते. त्यावर उपाय म्हणजे एमपीडीला लिनक्सच्या बुडाशी असलेल्या 'अल्सा'शी थेट बोलायला सांगायचं, म्हणजे मधला माणूस वगळायचा. आणि मशीनच्या हेडफोनच्या भोकातून अँप्लिफायरला तार नेऊ नकोस. यूएसबीवर लागणारा छोटा डॅक घे, म्हणजे डिजिटल फायलीचा आवाज करून देणारी डबी. त्या भोकातून येणारी खरखर कॅसेटची समजून तू पुन्हा कॅसेट उतरवायला घेशील.

तुला कुणी लिरियन सुचवेल. ते वाईट नाही, उलट त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या कंपनीनं स्क्वीझबॉक्स हे यंत्र काढलं, त्याला गाणी पुरवायला एक सर्व्हर सॉफ्टवेअर लिहिलं. २००६ मध्ये लॉजिटेकनं कंपनी घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्सची यंत्रं बंद केली. पण सॉफ्टवेअरचा कोड खुला होता. लोकांनी तो चालता ठेवला, २०२४ मध्ये त्याला लिरियन हे नवं नाव मिळालं, आणि यंत्र बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ते सॉफ्टवेअर नांदतंय. तीन खोल्यांत तीन स्पीकर आणि तिन्हीकडे एकच गाणं एका ठोक्यावर, असं तुला हवं असतं तर मी तेच सांगितलं असतं. तसं तुला नकोय. माळ्यावर राग मारवा आणि न्हाणीघरात राग मारवा, हा अतिरेक आहे.

आता मामीच्या आणि ताईच्या फोनसाठी. इथे सॉफ्टवेअरच्या नावापेक्षा एक करार महत्त्वाचा आहे. सिंद्रे मेहुस या प्रोग्रामरनं जावामध्ये सबसॉनिक लिहिलं. फोनवरचं अ‍ॅप सर्व्हरला काय विचारणार आणि सर्व्हर काय उत्तर देणार, याचे नियम त्यानं ठरवले आणि उघड केले. त्या नियमांवर अनेकांनी अ‍ॅपं बांधली. पुढे २०१६ मध्ये सबसॉनिकचा कोड बंद झाला. लोकांनी आधीच्या खुल्या कोडावरून लिब्रेसॉनिक काढलं, त्यातून २०१७ मध्ये एअरसॉनिक निघालं, मग तेही थंडावलं. मूळ घराणं असं विस्कटलं, पण नियम टिकले. आज नॅव्हिड्रोम, गॉनिक, अ‍ॅम्पॅची अशी एकमेकांशी नातं नसलेली सॉफ्टवेअर तीच भाषा बोलतात. याचा तुला फायदा असा, की मामीच्या फोनवरचं अ‍ॅप न बदलता तू फळीवरचं सॉफ्टवेअर बदलू शकतोस, आणि उलटही. मी ज्या एका गोष्टीवर हटून बसणार आहे ती हीच: जे सहज सोडून देता येईल तेच टाक.

त्या कसोटीवर नॅव्हिड्रोम मला पसंत आहे. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, तिच्याबरोबर एसक्यूलाइटचा एक छोटा डेटाबेस, बस. वेगळा डेटाबेस सर्व्हर नको, जावा नको, पीएचपी नको. तुझ्या जुन्या मशीनची मेमरी त्याला पुरून उरेल. ते रास्पबेरी पायवरसुद्धा चालतं. ४५३३ पोर्टवर ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे मॉनिटर नसला तरी सगळी मांडामांड तुझ्या लॅपटॉपवरून होते. तुझ्या फायलींना ते हात लावत नाही, आणि तरीही गाण्यांचं फोल्डर त्याला फक्त-वाचायच्या परवानगीनं दे. विश्वास आहे, पण कुलूप असलेलं बरं. मामीनं लावलेल्या चांदण्या आणि किती वेळा काय ऐकलं याचे आकडे मात्र त्या डेटाबेसात राहतात, म्हणून ती एक फाइल रात्री दुसरीकडे उतरवून ठेवायची.

जेलिफिनबद्दल तू विचारलं होतंस. एम्बी या मीडिया सर्व्हरचा कोड बंद झाला तेव्हा, डिसेंबर २०१८ मध्ये, ते फुटून निघालं. सिनेमे आणि मालिका असतील तर उत्तमच. तुझ्याकडे व्हिडिओ म्हणजे लग्नाच्या दोन सीड्या. त्यासाठी एवढं मोठं बिऱ्हाड कशाला? आणि प्लेक्स नको, कारण स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या डिस्कवरची गाणी ऐकायला त्यांच्याकडे खातं काढावं लागतं. मला ते पटत नाही, इतकंच.

आता नॅव्हिड्रोमची खोड. ही तुला सगळ्यात जास्त छळणार आहे, म्हणून इथे जरा बसते. तू फोल्डर फार मनापासून लावलेत: आधी राग, त्यात कलाकार, त्यात साल आणि गाव. नॅव्हिड्रोम त्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते फाइलच्या पोटातले टॅग वाचतं, म्हणजे कलाकार, अल्बम, ट्रॅक क्रमांक वगैरे, आणि त्यावरून स्वतःची मांडणी करतं. टॅग कोरे असतील तर तुझा सगळा संसार 'अज्ञात कलाकार' या एका ढिगात जाऊन पडेल. गॉनिक फोल्डरनुसार दाखवतं, आणि तुला टॅगच्या कामात पडायचंच नसेल तर खुशाल गॉनिक टाक. अ‍ॅपं तीच चालतील. पण मी टॅगच्या बाजूनं आहे. फोल्डरात एक गाणं एकाच जागी राहू शकतं. मारव्यात ठेवलंस तर ते भीमसेनांच्या खणात नाही, आणि भीमसेनांच्या खणात ठेवलंस तर मारव्यात नाही. टॅगला तो प्रश्नच पडत नाही.

फक्त नावं एकसारखी हवीत. तुझ्याच डिस्कवर खाँसाहेब 'अब्दुल करीम खाँ' आहेत, 'उस्ताद अब्दुल करीम खान' आहेत, 'खाँसाहेब अ. करीम' आहेत आणि रोमन लिपीत दोन-तीन स्पेलिंगांत आहेत. मशीनला हे सगळे वेगवेगळे गवई वाटतात. एक रूप ठरव. पंडित, उस्ताद, गानसरस्वती या पदव्या कलाकाराच्या नावात घालू नकोस, नाहीतर अर्धी यादी 'प'खाली आणि उरलेली 'उ'खाली जमा होईल. आदर मनात ठेव. लिपीही एकच ठरव: देवनागरीत 'भीमसेन' शोधलं तर रोमन लिपीतले भीमसेन सापडणार नाहीत. देवनागरी फ्लॅकच्या, म्हणजे दर्जा न गमावता आवळलेल्या फायलींच्या, टॅगमध्ये निर्धास्त बसते, तिथला मजकूर युनिकोडच असतो. जुन्या एमपीथ्री फायलींचं मात्र बघ. त्यातल्या पहिल्या पिढीच्या टॅगला शीर्षकासाठी अवघे ३० बाइट असतात आणि युनिकोड तर त्याला ठाऊकच नाही. 'राग शुद्ध कल्याण विलंबित एकताल' त्यात कसं मावणार? टॅगची नवी आवृत्ती वापर आणि जुना टॅग पुसून टाक.

आणि राग कुठे लिहायचा? हे सगळे टॅग पाश्चात्त्य पॉप गाण्यासाठी आखलेले. त्यात रागाला कप्पा नाही, तालाला नाही. फ्लॅकमध्ये तू हवा तो नवा टॅग स्वतः घालू शकतोस, फक्त टॅगचं नाव रोमन लिपीत लागतं, 'RAAG' असा सरळ घाल, पुढच्या पिढीच्या सॉफ्टवेअरला उपयोगी पडेल. पण आज मामीच्या फोनवरचं अ‍ॅप तो दाखवणार नाही. म्हणून माझा तोडगा: राग 'जॉनर'च्या कप्प्यातही लिही. राग म्हणजे जॉनर नव्हे हे मला कळतं, चपला शोधू नकोस. पण जॉनरची यादी बहुतेक अ‍ॅपांत असते, त्यावर बोट ठेवलं की त्यातलं सगळं समोर येतं, आणि तुझ्या घरात शास्त्रीय-उपशास्त्रीयखेरीज आहेच काय, की तो कप्पा दुसऱ्या कामासाठी राखून ठेवायचा? मामीच्या अभंगांना 'अभंग' आणि नाट्यगीतांना 'नाट्यसंगीत'. संपलं. अल्बम म्हणजे एक मैफल: 'मिरज, उरूस' आणि साल. कॅसेटच्या दोन बाजूंवर एकच राग तुटला असेल तर त्या दोन फायली सांधून एक कर. ती तोड कॅसेटची होती, गाणाऱ्याची नव्हती.

हे सगळं हातानं टंकायचं नाही. तुझी फोल्डरांची शिस्त इथे कामाला येते. विंडोज लॅपटॉपवर एमपीथ्रीटॅग नावाचं सॉफ्टवेअर आहे (नाव फसवं, फ्लॅकही चालतं). फाइलच्या वाटेतला पहिला भाग राग, दुसरा कलाकार, तिसरा मैफल, असा साचा त्याला एकदा दिला की शेकडो फायलींत ते आपोआप भरतं. लिनक्सवर तेच काम किड३ करतं. म्युझिकब्रेन्झच्या नोंदसंग्रहात शोधून टॅग भरणाऱ्या पिकार्डची खूप तारीफ ऐकशील. बाजारातल्या सीडींसाठी ती योग्यही आहे. तुझ्या खाजगी मैफिलींची तिथे नोंद कशी असेल? तिथे फक्त तुझी स्मरणशक्ती चालणार, आणि म्हणून हे काम तुलाच करावं लागणार.

मशीनच्या दोन-तीन गोष्टी पटापट. गाण्यांची डिस्क बाहेरची आहे ना? लिनक्सच्या एफस्टॅब फाइलमध्ये तिच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द असायलाच हवा. नाहीतर एखाद्या दिवशी डिस्कची तार सैल झाली, तर मशीन सुरू होतानाच दीड मिनिट तिची वाट बघेल आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर जाऊन थांबेल. तो पडदा दाखवायला मॉनिटर नाही आणि दूरवरून आत शिरायची वाटही अजून उघडलेली नाही. पण 'नोफेल' घातलं की दुसरा धोका येतो: डिस्कशिवाय मशीन चालू होतं, गाण्यांचं फोल्डर रिकामं दिसतं आणि स्कॅन करणारं सॉफ्टवेअर सगळी गाणी गेली असं धरून चालतं. म्हणून डिस्क जोडलेली असेल तरच दोन्ही सॉफ्टवेअर सुरू व्हावीत, अशी अट त्यांच्या सर्व्हिसमध्ये घालायची. ती मी घालून देते. बायॉसमध्ये 'वीज आली की आपोआप सुरू हो' हे चालू कर. वीज गेली-आली की कुणी फळीवर चढून बटण दाबायला नको. राउटरमध्ये या मशीनचा पत्ता कायमचा राखून ठेव. बिलाची काळजी करू नकोस. सरासरी १० वॉट धरले तर महिन्याला सात युनिटच्या आसपास.

ताईला डब्लिनहून ऐकायचं तर राउटरमध्ये पोर्ट उघडायचा, हा जुना मार्ग. तो तुझ्याकडे बहुधा चालणारही नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघ, तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर तुझ्या इंटरनेटवाल्यानं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय आणि बाहेरून तुझ्या दारापर्यंत कुणी पोचूच शकत नाही. चालत असला तरी मी उघडू दिला नसता. टेलस्केल टाक. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या तंत्रावर बांधलेलं आहे. तुझं मशीन, मामीचा फोन आणि ताईचा फोन एवढ्यांचंच खाजगी जाळं तयार होतं आणि बाकी जगाला तुझा सर्व्हर दिसतही नाही. दिसूही नये. ती रेकॉर्डिंगं गाणाऱ्यांनी विश्वासानं करू दिली होती, घरच्यांपुरतीच राहू देत.

ताईच्या फोनसाठी नॅव्हिड्रोमला सांगायचं की बाहेर जाताना ओपस फॉरमॅटमध्ये ९६ केबीपीएसवर आवळून पाठव. तासाला ४३ एमबी होतात. मूळ फ्लॅक तासाला साडेतीनशे एमबीच्या घरात जातं, ते बसमध्ये कुणाला हवंय? घरात मात्र जसंच्या तसं. १ टीबीच्या डिस्कवर असे अडीच हजारांहून जास्त तास मावतात, तेव्हा कॅसेटी उतरवताना काटकसर करू नकोस. आणि दुसरी तेवढीच डिस्क घेऊन त्यावर प्रत काढ, ती आपल्या घरात नाही, आजीच्या घरी ठेव.

आता तू मला तीन गोष्टी पाठव. अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा फोटो, म्हणजे कुठला डॅक घ्यायचा ते सांगते. लाल-पांढरी भोकं असतील तर साधा चालेल, ऑप्टिकल असेल तर वेगळा बघू. मामीचा फोन अँड्रॉइड आहे की आयफोन, कारण आयफोन असेल तर अ‍ॅम्परफाय नाहीतर दुसरं काही. आणि तुझ्या दहा-बारा फोल्डरांची नावं, जशी आहेत तशी, सुधारून नव्हे. साचा त्यावरूनच बसवायचा आहे, आणि 'मारवा' कुठे 'मारवा' आहे आणि कुठे 'राग मारवा (२)' आहे, हे मला आधी कळलेलं बरं.

तुझी,
भाची